चौऱ्याण्णव ताटांचा नकाशा

कमल गडदेने ज्वारीच्या फुटव्याचं एक पान खुडलं, नखाने त्याचा तुकडा तोडला आणि मोबाईलला जोडलेल्या पानवाचकाच्या खाचेत सरकवला. बोरनाळच्या शिवारात गेली तीन वर्षं हे रोजचंच होतं. जनावरं सोडण्याआधी पान वाचायचं. हिरवा दिवा लागला की दावी सोडायची, लाल लागला की गोठ्यातच कडबा टाकायचा. मिठाची चव बघावी इतक्या सहजपणे बायका पान वाचत.

बांधावर उभी राहून केतकी उपासे ते पाहत होती. सोलापूरच्या संयुक्त पीकनकाशा केंद्रात ती नकाशाप्रमुख होती. पानवाचक ज्या जनुकनकाशाच्या आधारावर चाले, तो नकाशा जुळवणारी संगणकप्रणाली तिने लिहिली होती. पण पडद्याबाहेर, उन्हात, एका बाईच्या हातात तो नकाशा कामाला आलेला ती पहिल्यांदाच बघत होती. त्या दिवशी शिवारफेरी होती. गावातली वीसेक माणसं, कृषी सहायक आणि ती.

दिवा हिरवा लागला. तरी कमलने दावी सोडली नाहीत.

"काय झालं, कमलताई?" केतकीने विचारलं.

"दिवा हिरवा हाय, मॅडम. पण मन धजत न्हाय." कमलने फुटव्यांकडे बोट केलं. "कापणी झाल्यावर पावसाचं एक शिरवं आलं, हे फुटलं. त्याला पंधरा दिस झालं. आता पाणी तुटलंय, बगा कसं निळसर पडलंय. आमच्या सासूबाई असल्यात जनावर घालू देत नव्हत्या. किरळ लागती म्हणायच्या."

ज्वारीच्या कोवळ्या, पाण्याला ताणलेल्या फुटव्यांत एक विष तयार होतं. ते पोटात गेलं की जनावर उभ्याउभ्या कोसळतं. त्यालाच त्या भागात किरळ लागणं म्हणतात. केतकीला हे पुस्तकातून ठाऊक होतं.

"ती जुन्या ज्वारीची गोष्ट," ती म्हणाली. बाकीची माणसंही ऐकत होती, म्हणून तिने आवाज जरा मोठा केला. "ही निर्धोक जात आहे. विष तयार करणारं जनुकच हिच्यात बंद आहे, आणि पानवाचक नेमकं तेच तपासतो. बिनधास्त सोडा."

कमलने सोडली. चार खिलार गाई, दोन म्हशी, एक कालवड. हरणी नावाची गाय सात महिन्यांची गाभण होती. ती सगळ्यांच्या पुढे गेली.

पंधरा मिनिटांनी म्हशींपैकी एकीने मान वर केली आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. कुणीतरी म्हणालं, ठसका लागला असेल. तेवढ्यात हरणी पुढच्या गुडघ्यांवर बसली, पाय ताणून आडवी झाली. कमल धावली. तोवर कालवड थरथरत होती. तिच्या तोंडाला फेस आला होता आणि त्या फेसाला कडू बदामासारखा वास येत होता. माणसं गुळाचं पाणी, ताक, जे मिळेल ते घेऊन पळत होती. केतकी बांधावरून खाली उतरली आणि तिथेच उभी राहिली. तिला जनावराला हात कुठे लावायचा हेही माहीत नव्हतं.

पशुवैद्य मुजावर डॉक्टर चाळीस मिनिटांत आले. त्यांच्या पेटीत उताऱ्याची इंजेक्शनं दोनच जनावरांना पुरतील एवढी होती.

"तीन वर्षांत या गावात कुणाला किरळ लागलीच नाही," शीर शोधता शोधता ते म्हणाले. "मागवायचं बंद केलं होतं मी."

एक म्हैस आणि एक गाय वाचली. पाच गेली.

कमल हरणीच्या पोटाशी बसली होती. थोड्या वेळाने उठली, हरणीच्या तोंडातलं अर्धवट चावलेलं पान बोटांनी काढलं, लुगड्याला पुसलं आणि पानवाचकात घातलं. मग मोबाईल केतकीसमोर धरला.

"अजून हिरवाच हाय बगा," ती म्हणाली.

*

मुजावर डॉक्टरांकडे एक जुनी चाचणी होती. पान चुरडून बाटलीत घालायचं, वर ओला पिवळा कागद टांगायचा, झाकण लावायचं. विष असेल तर कागद विटकरी होतो. केतकीने त्याच वावरातून ज्वारीच्या वीस ताटांची पानं गोळा केली. वीसही पानांना पानवाचकाने हिरवा दिवा दिला. संध्याकाळी वीस बाटल्यांपैकी सात बाटल्यांतले कागद विटकरी झाले होते.

तिने केंद्राचे संचालक डॉ. सदानंद रणनवरे यांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बियाण्यात भेसळ असेल," ते म्हणाले.

"भेसळ असती तर काहींना लाल दिवा लागला असता, सर. वीसच्या वीस हिरवी आहेत."

"नमुने घेऊन ये. आणि माझ्याशी बोलल्याशिवाय कुणाशी बोलू नकोस."

सोलापूरला परतताना गाडीत तिला आपलं सकाळचं वाक्य आठवत राहिलं. पानवाचक नेमकं तेच तपासतो. ते वाक्य खरं नव्हतं. पानवाचक विषाचं जनुक बघत नव्हता, तो जनुकाशेजारची खूण बघत होता. जनुक स्वतः वाचायला प्रयोगशाळा लागते. खूण खाचेतल्या कागदी पट्टीवर वाचता येते. खूण दिसली की शेजारी जनुक असणारच, हा भरवसा नकाशाचा होता. इतकी वर्षं हा फरक तिने इतक्या वेळा समजावून सांगितला होता, की सांगताना तो गाळून टाकायची सवय तिला कधी लागली तेच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नकाशा जुळवतानाच्या जुन्या नोंदी उघडल्या.

पिकाचा जनुकनकाशा कुणी पट्टी लावून काढलेला नसतो. दोन वाणांचा संकर करायचा, त्याची पुढची पिढी वाढवायची आणि कुठल्या दोन खुणा किती वेळा एकत्र उतरतात ते मोजायचं. ज्या बहुतेक वेळा सोबत येतात त्या जवळच्या, ज्यांची ताटातूट होते त्या लांबच्या. या मोजणीवरून खुणांचा क्रम लागतो. पण प्रत्येक प्रयोगशाळेचा संकर वेगळा, खुणा वेगळ्या. ज्वारीचे असे एकेचाळीस नकाशे होते आणि एकालाही पूर्ण चित्र दिसत नव्हतं. संपूर्ण जनुकवाचन फक्त मोजक्या नावाजलेल्या वाणांचं झालं होतं. लागोपाठ तीन दुष्काळ पडले तेव्हा रणनवऱ्यांनी हे सगळे नकाशे जोडून एकच महानकाशा करायचं ठरवलं आणि सत्तावीस वर्षांच्या केतकीला ते काम दिलं.

तिने प्रत्येक नकाशातून बाण काढले. या खुणेनंतर ही, म्हणजे एक बाण. हजारो बाण एकमेकांना जोडले की एक लांब रांग तयार व्हायला हवी. पण नकाशे एकमेकांशी भांडत. एक म्हणे आधी ही खूण, दुसरा म्हणे आधी ती, आणि बाणांचा फेरा तयार होई. त्या फेऱ्यातून संगणकाला बाहेर पडता येत नसे. म्हणून तिने एक नियम लिहिला. फेरा आला की त्यातला सर्वांत दुबळा बाण कापायचा. दुबळा म्हणजे ज्याच्या मागे कमी झाडं मोजलेली आहेत तो.

पहिल्या गुणसूत्रावर, किरळीच्या जनुकाजवळ, एक बाण कापला गेला होता. त्याच्यामागे चौऱ्याण्णव झाडं होती. विरुद्ध बाजूला दोन हजारांवर.

नोंदीला एक पत्र जोडलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वीचं, जतच्या एका छोट्या कॉलेजातले प्राध्यापक हणमंत बिराजदार यांचं. "माझ्या चौऱ्याण्णव ताटांत हा तुकडा उलटा बसलेला आहे. मोजणीची चूक नाही, तीनदा मोजलं आहे. आमच्याकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या गावठी वाणांत तो असाच असावा. दोन्ही क्रम वेगवेगळे ठेवता येतील का?"

खाली केतकीचंच उत्तर होतं. "आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत. लहान नमुन्यांमध्ये असे दोष आढळतात."

पत्र लिहिल्याचं तिला आठवतही नव्हतं. तिने निर्धोक जातीची वंशावळ उघडली. विष न बनवणारं पहिलं ताट कुठे सापडलं होतं, ते वरच्याच ओळीत होतं. कोरड्या पट्ट्यातला गावठी वाण, तालुका जत.

*

बिराजदार सर लेकीच्या घरी ओसरीवर बसून सुपात करडई निवडत होते. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई, म्हणून त्यांनी केतकीला उजव्या बाजूला बसवलं. तिने नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली. नाव त्यांच्या लक्षात होतं.

तिने बोरनाळचं सगळं सांगितलं. ती बोलत असताना त्यांचे हात सुपात थांबले होते.

"किती जनावरं गेली?"

"पाच."

"एकाच घरची?"

"हो."

"घरात दुधाला काही राहिलं का त्यांच्या?"

"एक गाय, एक म्हैस."

ते आत गेले, एक वही घेऊन आले आणि तिच्यापुढे उघडून ठेवली. पेन्सिलीने आखलेले रकाने, चौऱ्याण्णव ओळी. मग मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी दोन रेघा काढल्या.

"ही तुमच्या नकाशातली रेघ. इथे खूण, तिच्या शेजारी किरळीचं जनुक. आता हा जनुकापासून पुढचा तुकडा उचल आणि फिरवून ठेव." त्यांनी दुसऱ्या रेघेवर बाण उलटा काढला. "खूण जागच्या जागी राहिली. जनुक गेलं तुकड्याच्या त्या टोकाला. मध्ये एवढं अंतर पडलं. प्रत्येक पिढीत दहातल्या एखाद्या ताटात दोघांची ताटातूट होणार. तुम्ही किती पिढ्या नुसत्या खुणेवर निवडल्या?"

"चार. पहिल्या पिढीची रासायनिक चाचणी केली होती. शेवटी एकदा केली, पण पीक वाढून पोटरीत, कणसाच्या बेतात आल्यावर."

"तेव्हा विष एरवीही उतरलेलं असतं."

"हो." तिने वहीकडे पाहिलं. "सर, तुम्ही लिहिलं होतंत. मी चुकीचा नकाशा समजून कापला."

"तुला लोक विचारायला आले असतील ना, की हे नकाशे जोडता कसे? तू काय सांगायचीस?"

"रस्त्यावरच्या गावांचं उदाहरण द्यायचे. चाळीस माणसांना गावांचा क्रम विचारायचा, आणि एखाद्याचा वेगळा आला तर..."

"तर तो विसरला असेल." बिराजदार सरांच्या आवाजात राग नव्हता. "तो दुसऱ्या रस्त्याने आला असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नसतं कदाचित, ती ताटं मी स्वतः मोजली नसती तर."

तिने विचारलं, त्या चौऱ्याण्णव ताटांचं बी आहे का. ते हाताशी असलं तर पुन्हा पेरून, मोजून, महिन्यांत सिद्ध करता येईल.

"कॉलेजच्या खोलीत डब्यात होतं. मी रिटायर होताना शीतगृहात जागा मागितली. त्यांनी तुमची यादी पाहिली. माझ्या नमुन्यांपुढे 'सदोष' असा शेरा होता. सदोष नमुन्याला जागा नसते." ते पुन्हा करडई निवडू लागले. "दोन वर्षांपूर्वी परसात पेरून पाहिलं. एकही दाणा उगवला नाही."

आतून त्यांच्या लेकीने चहा आणला. केतकीने कप हातात धरला, पण तो प्यायचं तिला सुचलं नाही.

"एक कर," निघताना ते म्हणाले. "तुमचे लोक आता निर्धोक परत मागवतील, जाळायला निघतील. सगळं जाळू देऊ नकोस. तो उलटा तुकडा आता कुठे जिवंत असेल तर त्यातच. पावसाविना तगायचं काहीतरी त्यात आहे, असं मला नेहमी वाटायचं. ते शोधायचं राहून गेलं."

*

पुढचे तीन दिवस केतकीने एकच काम केलं. ज्वारी सोडून बाकीच्या पिकांचे महानकाशेही तिच्याच प्रणालीने जुळवले होते. एकूण अकरा पिकं. त्या सगळ्यांत मिळून कापलेले बाण तिने बाहेर काढले. एक हजार तीनशे बारा. त्यांतले अडतीस अशा खुणांजवळ होते, ज्यांच्यावर पानवाचकाचा कुठला ना कुठला दिवा उभा होता.

यांतले बहुतेक बाण खरोखर मोजणीच्या चुका होत्या. ते तिला पक्कं माहीत होतं. नमुने अदलाबदल झालेले, नोंद घाईत केलेली, झाडं कमी पडलेली. चुकीचा बाण आणि वेगळ्या रस्त्याचा बाण संगणकावर अगदी सारखे दिसत. त्यांतला फरक कळायला पीक पेरावं लागे, वाढवावं लागे, मोजावं लागे. एकेका बाणाला किमान एक हंगाम.

तिने यादी छापून रणनवऱ्यांच्या टेबलावर ठेवली.

रणनवरे साठीचे होते. महानकाशा व्हायच्या आधी एका वाणाला दहा वर्षं लागत, आणि त्या दहा वर्षांत त्यांनी गावं रिकामी होताना पाहिली होती. ते वाईट माणूस नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्याशी बोलणं केतकीला जड जात होतं.

"ज्वारीचं मी बघतो," ते म्हणाले. "निर्धोकचं बी परत मागवू. उगवण कमी आहे असं कारण देऊ. तू तुकड्याच्या दुसऱ्या टोकाची नवी खूण शोध आणि पट्टी बदल. आणि त्या बाईंना जनावरं घेऊन द्यायची व्यवस्था करू."

"आणि बाकीचे सदतीस?"

"एक हजार तीनशेंपैकी फार तर पंधरा खरे निघतील, केतकी. तूच म्हणतेस."

"कुठले पंधरा, सर?"

यादी हातात घेऊन ते एकेक ओळ वाचू लागले. तेविसाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"लाखोळी," ते म्हणाले.

पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, उरलेल्या ओलीवर लाखोळी येते. दुसरं काही येत नाही तिथे ती येते, म्हणून गरिबाच्या घरात तीच डाळ. पण जुन्या लाखोळीत एक विष असे. चार दिवस खाऊन काही होत नाही. महिनोन्महिने रोज तीच खाल्ली की पायांतली ताकद जाते आणि ती परत येत नाही. पाच वर्षांपूर्वी केंद्राने बिनविषारी लाखोळी काढली, पानवाचकावर तिचा हिरवा दिवा बसवला, आणि तिकडच्या अंगणवाड्यांत ती डाळ शिजू लागली. त्या समारंभात रणनवऱ्यांनी स्वतः मुलांच्या पंगतीत बसून ती खाल्ली होती.

"याच्यामागे किती झाडं आहेत?" त्यांनी विचारलं.

"साठ. एका गावाचा वाण. मोजणी तशी ढिसाळच आहे. चूक असण्याचीच शक्यता जास्त."

"मग?"

"चौऱ्याण्णव ताटांबद्दल मी हेच म्हटलं होतं."

रणनवऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला काय करायचंय?"

"पानवाचकात तिसरा दिवा. पिवळा. ज्या अडतीस ठिकाणी कापलेला बाण आहे, तिथे हिरवा काढायचा आणि पिवळा लावायचा. खाली लिहायचं, आम्हाला माहीत नाही. आणि पूर्ण यादी उघड करायची. ज्यांनी ते नकाशे काढले होते त्यांच्या नावांसकट."

"माहीत नाही, असं सांगणारं यंत्र कोण वापरेल? लोक हिरव्यावरचाही विश्वास सोडतील. निम्म्या राज्यातली पेरणी या दिव्यांवर होते. आणि लाखोळीला पिवळा लावलास तर उद्यापासून त्या मुलांना काय वाढायचं? तिथे दुसरी डाळ नाही. उपाशी ठेवायचं, तेही कदाचित चूक असलेल्या एका बाणासाठी?" ते थांबले. "लाखोळी वगळ. बाकीच्यांना मी आत्ता मंजुरी देतो. तिची चाचणी आपण आधी करू, गुपचूप, एका हंगामात."

केतकीने नकारार्थी मान हलवली, पण त्यांचं म्हणणं तिला खोटं वाटत नव्हतं.

"सर, त्या बाई दावी सोडत नव्हत्या," ती म्हणाली. "त्यांना कळलं होतं. फुटवे निळसर पडले होते, पंधरा दिवस पाणी नव्हतं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी सांगितलं, बिनधास्त सोडा. दिवा पिवळा असता तर मी तसं बोलले नसते, आणि त्यांनी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता. मुलांच्या पायांकडेही कुणीतरी बघत असेल. हिरवा दिवा असेपर्यंत ते माणूस आपल्या डोळ्यांना खोटंच ठरवणार."

अशा बदलाला दोघांची मंजुरी लागे, नकाशाप्रमुखाची आणि संचालकांची. रणनवरे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली आवारात प्रात्यक्षिकाच्या वाफ्यांना पाणी सुरू होतं. ते परत आले आणि त्यांनी तिने सोबत आणलेल्या संगणकावरच्या मंजुरीच्या चौकटीवर अंगठा टेकवला.

"सगळे अडतीस," ते म्हणाले. "पण उद्या फोन येतील ते तू घ्यायचे. एकूण एक. मी घेणार नाही, कारण मला खोटं बोलायचा मोह होईल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून फोन सुरू झाले.

पहिला एका बियाणे उत्पादकाचा होता. तो आधी ओरडला, मग विनवण्या करू लागला, मग पुन्हा ओरडला. एका सरपंचांनी विचारलं, की गावातल्या एकशेवीस जनावरांना आता चारा कुठून आणायचा. परभणीच्या एका तरुण संशोधिकेने हळूच सांगितलं, की यादीतला चारशे सातवा बाण तिच्या गुरूंचा होता. आपला नकाशा चुकीचा नव्हता असं ते शेवटपर्यंत म्हणत होते. एका पत्रकाराला फक्त एवढंच हवं होतं, की चूक नेमकी कुणाची. "माझी," केतकी म्हणाली, आणि नाव लिहून घ्यायला सांगितलं.

दहाच्या सुमारास बिराजदार सरांचा फोन आला. यादीत त्यांनी आपलं नाव पाहिलं होतं. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बोरनाळला उभ्या असलेल्या निर्धोकपैकी कुठली ताटं राखून ठेवायची ते ठरवायला आपण येतो, फक्त एसटी स्टँडवरून गाडी पाठव, एवढंच म्हणाले. कमल गडदेने जागा द्यायचं कबूल केलं होतं. मात्र तिची एक अट होती. पाच एकरांपैकी एकाच एकरात, आणि कुंपण घालून.

बारा वाजून गेल्यावर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, मी मंदा नैताम बोलून राहिली जी. भंडाऱ्याकडून. अंगणवाडीची बाई आहो मी."

"बोला, मंदाताई."

"डाळीचा चुरा रोज तुमच्या मशीनमधी घालतो आम्ही शिजवायच्या आधी. काल हिरवा होता. आज पिवळा दावून राहिला. खाली लिवलं हाये, आम्हाला माहीत नाही. म्हणून म्हटलं, इचारून पाहावं."

केतकीने सावकाश, सोप्या शब्दांत सांगितलं. डाळ चांगली असण्याचीच शक्यता जास्त आहे. पण खात्री नाही. खात्री करायला एक हंगाम लागेल. तपासणीसाठी डाळीचा नमुना आजच पाठवा, आमचा माणूस येईल.

मंदाने सगळं ऐकून घेतलं. "तेवीस लेकरं हायेत जी माझ्याकडं," ती म्हणाली. "भात अन् हेच वरण. दुसरं काही नाही कोठीत. एक पोरगी हाये, रोशनी नावाची. चार दिसापासून लंगडून राहिली. मी म्हटलं, पडली असंल खेळताना. मशीन हिरवंच होतं ना, म्हणून मी काही कोणाले बोलली नाही."

केतकीने रोशनीचं नाव लिहून घेतलं. "तिला डॉक्टरांना दाखवा. आजच. मी तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात फोन करते, तुम्ही फक्त तिला न्या."

"नेतो जी. पण आता ताटं वाढून झाली हायेत. लेकरं बसली हायेत ताटावर, माह्या तोंडाकडे पाहून राहिली. काय करू? जेवू देऊ का उचलू?"

गलका जरा कमी झाला होता. कुणीतरी मूल काहीतरी मागत होतं. एका दिवसाच्या वरणाने कुणाचंही काही बिघडत नाही, हे केतकीला पक्कं माहीत होतं. अख्ख्या सकाळीत तिला पक्कं माहीत असलेली ही एकच गोष्ट होती.

"आज जेवू द्या," ती म्हणाली.

"बरं जी," मंदा म्हणाली. पण फोन ठेवला नाही. भाताचं पातेलं सरकवल्याचा आवाज आला, मग तिने पुन्हा विचारलं.

"आन् उद्या?"